मुशी मासा, देवमासा मासा नव्हे

मुशी पाहिली नाही असा माणूस आपल्या खाडीकाठी सापडायचा नाही. दिवाळे, करावे, सारसोळे, बेलापूर ही गावे जुनी. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या गावांभोवती नवी मुंबई वाढत गेली. भातशेते गेली, मिठागरे गेली. पण बाजारात मावशींच्या पाटीत मुशी अजून दिसते. पाठ राखाडी, पोट पांढरे, तोंड खालच्या अंगाला, कातडी खरखरीत. मालवणकडे हिलाच मोरी म्हणतात. इंग्रजी नाव शार्क. सिनेमात जो भयंकर शार्क दाखवतात तो आणि आपल्या कालवणातली मुशी एकाच कुळातली आहेत. हे ऐकून आमच्या वर्गातील पुष्कळांना नवल वाटले.

दुसरा प्राणी किलर व्हेल. हा बाजारात येत नाही. हा नातवंडांच्या मोबाइलवर येतो! रंग काळा कुळकुळीत, पोट पांढरे, डोळ्यामागे मोठा पांढरा ठिपका. पाठीवर उभा पंख. नराचा पंख तर पुरुषभर उंच, सहा फुटांपर्यंत जातो. मोठा नर पंचवीस फूट लांब भरतो आणि त्याचे वजन हत्तीएवढे असते.

रात्रीच्या वर्गात आम्ही या दोघांची चित्रे शेजारी शेजारी लावली आणि विचारले, "यातला मासा कोणता?"

सगळे म्हणाले, "दोन्ही."

मागून एक आजोबा बोलले, "पान्यात ऱ्हातो, पान्यात पवतो, मंग मासाच ना, गुरुजी?"

बोलणे बिनतोड वाटते. पण पाण्यात बेडूक पोहतो, पाणसापही पोहतो. त्यांना आपण मासा म्हणतो का? नाही म्हणत. मग मासा ओळखायचा कशावरून?

श्वास

मासळी ताजी की शिळी हे कसे पाहतात? कल्ला उचलून. आत लालभडक असले तर ताजी. ते लाल असते कारण कल्ल्यात रक्त खेळत असते. मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, तो कल्ले टिपून घेतात. हाच माशाचा श्वास.

मुशीचेही असेच आहे. बोय किंवा पापलेट यांच्या कल्ल्यावर झाकण असते, मुशीला झाकण नसते. तिच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना उघड्या चिरा असतात. बहुतेक जातींत एका बाजूस पाच. बाजारात गेलात की मोजून पाहा. पाण्याबाहेर काढले की कल्ल्याच्या पापुद्र्या एकमेकींना चिकटतात, सुकतात, आणि मुशी गुदमरते.

किलर व्हेलला कल्ले नाहीत. त्याला फुप्फुसे आहेत, तुमच्याआमच्यासारखी. नाक मात्र डोक्याच्या माथ्यावर! तेथे एकच भोक आणि त्यावर झडप. वर आला की झडप उघडतो, फुस्सकन् श्वास सोडतो, तुषार उडतात. मग छाती भरून हवा घेतो, झडप मिटतो आणि बुडी मारतो. पाच-दहा मिनिटांत त्याला पुन्हा वर यावेच लागते. कोणी खाली अडकवून ठेवले तर तो चक्क बुडून मरतो. पाण्यात जन्मलेला प्राणी पाण्यात बुडून मरतो, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण तसेच आहे.

देवमासे, किलर व्हेल आणि डॉल्फिन ही सगळी एक भावकी आहे. डॉल्फिन म्हणजे कोकणात ठिकठिकाणी ज्याला गादा म्हणतात तो. किलर व्हेल हा डॉल्फिनच्या घराण्यातला सर्वांत थोरला. म्हणून किलर व्हेल आपण पाहिला नसला तरी बिघडत नाही. त्याचा धाकटा चुलतभाऊ आपल्या दारात आहे. मुंबईच्या किनाऱ्याला कुबड्या डॉल्फिन राहतो. पाठीवर पंख नसलेला एक लहान भाऊबंदही या पाण्यात असतो. थोरला मात्र आपल्याकडे क्वचित फिरकतो. लक्षद्वीप, अंदमान, श्रीलंका या बाजूंच्या खोल समुद्रात तो अधूनमधून दिसलेला आहे.

शेपूट उभे की आडवे

होडीतून पाहणाऱ्याला कल्ले कोठून दिसणार? त्याने शेपूट पाहावे. मुशीचे शेपूट उभे असते, होडीच्या सुकाणूसारखे. ते डावीकडे-उजवीकडे हलते. सापाची चाल आठवा. किलर व्हेलचे आणि गाद्याचे शेपूट आडवे असते, पाण्यावर सूप पालथे ठेवावे तसे. ते खाली-वर हलते.

असे का? या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे, आणि ते आम्हांला फार आवडते.

मुशीचे कूळ समुद्रातच जन्मले, समुद्रातच राहिले. चाळीस कोटी वर्षांपेक्षा जास्त काळ झाला. पृथ्वीवर झाडांची रानेसुद्धा तेव्हा नव्हती. देवमाशांचे पूर्वज मात्र जमिनीवर चालणारे चार पायांचे प्राणी होते. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी ते हळूहळू पाण्यात उतरले. याचे पुरावे आपल्याच बाजूला सापडले आहेत. जम्मूकडे राजौरी भागात कालाकोट नावाचे ठिकाण आहे. तेथल्या दगडांत भूगर्भशास्त्रज्ञ रंगा राव यांना काही जुनी हाडे मिळाली होती. हरणासारखा, पण मांजराएवढा एक प्राणी. त्याचे नाव ठेवले इंडोहायस. २००७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशासारखी आहे. कच्छच्या दगडांतही जुन्या देवमाशांची हाडे सापडतात.

आता कुत्रा किंवा घोडा धावताना पाहा. त्याची पाठ खाली-वर होते. सापासारखी डावी-उजवी होत नाही. देवमाशाच्या पूर्वजांनी तीच चाल पाण्यात नेली. पाय गेले, चाल राहिली. पुढच्या पायांचे वल्ह्यासारखे पंख झाले. पण त्या पंखाच्या आत अजूनही मनगट आहे, बोटांची हाडे आहेत! शास्त्रज्ञ सांगतात, आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा. त्यानंतर गाय, हरीण, डुक्कर यांचा नंबर. म्हणजे किलर व्हेल हा मुशीपेक्षा आपल्या गोठ्यातल्या गाईला जवळचा आहे.

मुशीची हाडे तर निराळीच. तिला खरे हाडच नाही. आपल्या कानाची पाळी किंवा नाकाचा शेंडा जशा लवचीक कूर्चेचा असतो, तसा तिचा सगळा सांगाडा असतो. म्हणून तर मुशीला काटा नाही म्हणतात आणि लहान मुलांच्या ताटात ती बिनघोर वाढतात.

कातडीवरून हात फिरवला तरी फरक कळतो. मुशीची कातडी शेपटाकडून डोक्याकडे घासली तर पॉलिश-कागदासारखी लागते. तिच्यावर बारीक बारीक दातांसारखे कण असतात. गाद्याची कातडी सायकलच्या ट्यूबसारखी गुळगुळीत.

पिल्ले दोघांनाही, दूध एकाला

येथे एक गाठ आहे, ती सोडवली पाहिजे. वर्गातल्या एका ताईने आम्हांला अडवले. ती म्हणाली, "गुरुजी, मुशी चिरताना पोटातून पिल्ले निघतात. अंडी नाय निघत. मग ती कशी मासा?"

ताईचे निरीक्षण अगदी खरे. मुंबईच्या बाजारात जी लहान मुशी येते तिच्या पोटात बारा-तेरा पिल्लेसुद्धा निघतात. ती आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात, माणसाच्या बाळासारखी. काही शार्क अंडी घालतात, पण पुष्कळ जाती पिल्ले घालतात. तेव्हा पिल्ले घालणे एवढ्यावरून प्राणी ठरवू नये.

खूण आहे ती दुधाची. मुशीला दूध नसते. तिचे पिल्लू पोटातून बाहेर पडले की त्याच क्षणी पोरके. आईने पाजणे नाही, शिकवणे नाही, राखणे नाही. दात घेऊन जन्मते आणि आपले पोट आपण भरते.

किलर व्हेलची मादी दीड वर्षाच्या आसपास पोटुशी राहते. एका वेळी एकच पिल्लू. ते जन्मले की आई त्याला पाण्याच्या वर पहिला श्वास घ्यायला मदत करते. मग दूध पाजते, वर्ष-दोन वर्षे. दूध लोण्यासारखे दाट, कारण थंड पाण्यात पिल्लाच्या अंगावर चरबी चढली पाहिजे. मुशीचे रक्त बहुतेक जातींत भोवतालच्या पाण्याइतकेच गार किंवा ऊन असते. किलर व्हेलचे रक्त बर्फाच्या समुद्रातही आपल्याइतकेच ऊन राहते. कातडीखाली चरबीची जाड गोधडी असते म्हणून.

आणि कुटुंब? अमेरिका आणि कॅनडा यांच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किलर व्हेलांचा अभ्यास शास्त्रज्ञ पन्नास वर्षांपासून करीत आहेत. एकेका प्राण्याला ते पंखावरून आणि पाठीच्या खुणांवरून ओळखतात. तेथे मुलगे जन्मभर आईला सोडत नाहीत. तीस वर्षांचा धिप्पाड नर आईच्या मागेमागे असतो. मादीला चाळिशीच्या सुमारास पिल्ले होणे थांबते, पण त्यानंतरही ती पुष्कळ वर्षे जगते. काही जणी ऐंशीच्याही पुढे गेल्या असाव्यात. मग या आज्या काय करतात? ज्या वर्षी मासळी कमी असते त्या वर्षी त्या कळपाच्या पुढे राहतात. कोठे मासे मिळतात हे त्यांना ठाऊक असते. आजी गेली तर नातवंडे जगण्याचा संभवही कमी होतो. घरात म्हातारे माणूस कशाला, असे म्हणणाऱ्यांना ही हकीकत ऐकवण्यासारखी आहे, पण ते असो.

२०१८ साली याच किनाऱ्यावर ताहलेक्वा नावाच्या मादीचे पिल्लू जन्मून थोड्याच वेळात मेले. तिने ते मेलेले पिल्लू टाकले नाही. डोक्यावर तोलून सतरा दिवस ती पोहत राहिली. पिल्लू निसटले की बुडी मारून पुन्हा वर आणी. ती हजार मैलांवर फिरली. तिला त्या वेळी काय वाटत होते हे आम्ही सांगू शकत नाही. पण मुशी असे करीत नाही, एवढे खरे.

दोघांची शिकार

आपल्या खाडीचे पाणी गढूळ. हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटे दिसत नाहीत. अशा पाण्यात शिकार कशी करायची? दोघांनी दोन वाटा काढल्या आहेत.

मुशीचे नाक तिखट. शिवाय तिच्या तोंडाभोवती सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे असतात. तीही बाजारात पाहता येतील. माशाचे अंग हलते तेव्हा पाण्यात अगदी सूक्ष्म वीज उमटते. ती या छिद्रांतून मुशीला कळते. चिखलात दडलेला मासा ती अशीच शोधते. गादा आणि किलर व्हेल आवाजाने पाहतात. आडात तोंड घालून हाक मारली तर हाक परत येते ना? तसा हा प्राणी टक टक असा आवाज सोडतो आणि माशावर आपटून परत आलेला आवाज ऐकतो. त्यावरून मासा किती लांब, केवढा, हे त्याला समजते.

मुशी बहुधा एकट्याने शिकार करते. किलर व्हेल मिळून करतात, आणि मोठी लहानांना शिकवतात. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर ते लाटेबरोबर वाळूवर येऊन सील पकडतात आणि अंग घसटत परत पाण्यात जातात. थोडे चुकले तर वाळूवरच अडकतील. हे पिल्लांना एका दिवसात येत नाही. वर्षानुवर्षे मोठ्यांबरोबर राहून येते.

दोघांची गाठ पडली तर? दक्षिण आफ्रिकेत गान्सबाय नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. तेथला समुद्र मोठ्या पांढऱ्या शार्कांसाठी प्रसिद्ध. हा शार्क म्हणजे सिनेमातला तोच. २०१७ साली त्यांची मढी किनाऱ्याला लागू लागली. अंग बहुतेक शाबूत, पण आतली कलेजी नाहीशी! हे काम दोन किलर व्हेल नरांचे होते. एकाचा पाठीवरचा पंख डावीकडे लवलेला, दुसऱ्याचा उजवीकडे. म्हणून लोकांनी त्यांना जहाजावरची नावे दिली, पोर्ट आणि स्टारबोर्ड, म्हणजे डावा आणि उजवा. शार्कची कलेजी फार मोठी व तेलाने भरलेली असते. तीच त्याला पाण्यात तरंगायला मदत करते. या दोघांना तेवढीच हवी होती. २०२३ साली तर एकट्या स्टारबोर्डने मोसेल बे येथे एक तरुण पांढरा शार्क दोन मिनिटांच्या आत मारला. हे सुरू झाल्यावर पांढरे शार्क ती जागाच सोडून गेले. समुद्राचा राजा कोण, असे मुले विचारतात. त्यांना ही गोष्ट सांगावी.

भ्यायचे कोणाला

किलर म्हणजे मारणारा. नाव ऐकून माणूस दचकतो. पण मोकळ्या समुद्रात किलर व्हेलने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. करमणुकीसाठी टाक्यांत डांबून ठेवलेल्या किलर व्हेलांनी माणसे मारली आहेत. एवढा फिरस्ता प्राणी टाकीत कोंडला तर दुसरे काय होणार? आपल्या केंद्र सरकारने २०१३ साली सांगून टाकले की असे डॉल्फिनचे खेळ या देशात चालणार नाहीत. ते योग्य झाले. होडीवाल्यांना मात्र एक गंमत सांगतो. २०२० पासून स्पेन व पोर्तुगालजवळ काही किलर व्हेल शिडाच्या होड्यांची सुकाणू मोडत सुटले आहेत. काही होड्या बुडाल्याही. माणसांना त्यांनी हात लावला नाही. ते हे खेळ म्हणून करतात, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे.

शार्क चावतो, हे खरे. ते लांबच्या देशातले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे धरणाऱ्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. जखम फार मोठी होती. तो शार्क नंतर मेलेला सापडला. तो बुल शार्क जातीचा असल्याचे सांगितले गेले. बहुतेक शार्क खारे पाणी सोडत नाहीत. बुल शार्क मात्र गोड्या पाण्यातही जगतो आणि नदीत वर चढतो. तेव्हा खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरताना सावध असावे, पहाटे व संध्याकाळी विशेष.

पण हिशेबही पाहावा. सगळ्या जगात शार्कच्या चाव्याने वर्षाला दहाच्या आतबाहेर माणसे मरतात. आणि माणसे वर्षाला सुमारे आठ कोटी शार्क मारतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कानमुशीसारख्या मोठ्या जातींना वयात यायला कित्येक वर्षे लागतात. त्यांची लहान पिल्ले बारीक आसाच्या जाळ्यात आली आणि वाट्यावर विकली गेली, तर पुढे आया कोठून यायच्या? गादा दिसायला गोजिरवाणा. त्याच्यासाठी लोक हळहळतात. मुशीसाठी कोणी रडत नाही. आम्हांला हे बरोबर वाटत नाही. २०१५ साली शार्कचे पंख परदेशी पाठवण्यास सरकारने बंदी केली, ते मुशीच्या दृष्टीने मोठे काम झाले.

किनाऱ्याला लागलेला प्राणी

जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला बेचाळीस फुटांचा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. गावकऱ्यांनी आणि वनखात्याच्या माणसांनी त्याला परत ढकलण्याची शिकस्त केली. तो वाचला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतले. लोकांनी त्याच्यावर पाणी ओतले, ओली कापडे घातली, त्याला सलाइन लावले. मोठ्या कष्टाने ते खोल समुद्रात नेऊन सोडलेही. पण ते पुन्हा किनाऱ्याकडे आले आणि मेले.

वर्गात विचारणा झाली, देवमासा हवेत श्वास घेतो ना? मग वाळूवर का मरतो? प्रश्न चांगला. पाण्यात त्याचे ओझे पाणी उचलते. वाळूवर ते सगळे ओझे त्याच्याच छातीवर येते, फुप्फुसे दाबली जातात. आणि ती चरबीची गोधडी उन्हात त्याला भाजून काढते. म्हणून त्याच्यावर सावली धरावी, अंग ओले ठेवावे. मात्र माथ्यावरच्या भोकात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. ते त्याचे नाक आहे! कापडही त्यावर पडू देऊ नये. शेपूट धरून ओढू नये, हाडे निखळतात. लोकांची गर्दी मागे हटवावी आणि वनखात्याला कळवावे.

मुशीचे उलट. तिला पाण्याबाहेर ठेवून पाणी शिंपडत बसाल तर ती मरेल. तिला पाण्यातच सोडली पाहिजे.

जाळ्यात सापडला तर

येथे आमच्या साऱ्या धड्याचा उपयोग आहे. गादा जाळ्यात अडकला, तर आधी त्याचे डोके पाण्याच्या वर उचला. त्याला हवा हवी आहे. मग सावकाश जाळे कापा. वेळ थोडा असतो.

बहिरी अडकला, तर त्याला वर उचलू नका. बहिरी म्हणजे व्हेल शार्क. या नावाने भलेभले फसतात. नावात व्हेल आहे, पण आहे तो शार्कच, म्हणजे मासा. जगातला सर्वांत मोठा मासा. चाळीस फुटांपर्यंत वाढतो, आणि खातो काय? पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. शेपूट पाहा, उभे आहे. डोक्यामागे चिरा आहेत. अंगावर पांढरे ठिपके. त्याला पाण्यातच ठेवून होडीच्या कडेला घ्या, जाळे कापा आणि सोडा. शेपटाला दोर बांधून ओढत नेऊ नका. उलट्या दिशेने ओढले की कल्ल्यांवरून पाणी नीट वाहत नाही.

गुजरातच्या किनाऱ्याला पूर्वी हे मासे तेलासाठी शेकड्यांनी मारीत. ते तेल होड्यांच्या लाकडाला लावीत. माइक पांडे यांनी त्यावर एक चित्रपट काढला, देशभर लोक हळहळले, आणि २००१ साली सरकारने वन्यजीव कायद्यात या माशाला संरक्षण दिले. त्या कायद्याचे असे संरक्षण मिळालेला हा आपल्या देशातला पहिला मासा. पुढे मोरारीबापूंनी तेथल्या खारवी लोकांना समजावले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारू नये. लोकांना ते पटले. ते त्याला व्हाली, म्हणजे लाडकी, म्हणू लागले आणि जाळी कापून सोडू लागले.

सगळे देवमासे आणि सगळे डॉल्फिन यांनाही हाच कायदा राखतो. मारणे, विकणे, अवयव बाळगणे हा गुन्हा आहे.

आता जाळ्याचे. जाळे फुकट येत नाही. ते कापायचे म्हणजे तांडेलाच्या पोटात कालवते, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१८ साली योजना काढली. असा संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खाते मिळून ही योजना चालवतात. पुरावा म्हणून प्राणी सोडतानाचे फोटो किंवा मोबाइलवरचे चित्रण लागते. एकाने जाळे कापावे, दुसऱ्याने फोटो टिपावा. फोटोसाठी गाद्याला पाण्याखाली तिष्ठत ठेवायचे नाही. आणि अर्जात प्राण्याचे नाव लिहाल तेव्हा नुसते 'मोठा मासा' असे लिहू नका. गादा असेल तर गादा लिहा, बहिरी असेल तर बहिरी.